हशाला करमाफी नसते

सिनेमा पाहून बाहेर पडणाऱ्या माणसाला विचारावे, "कसा आहे?" तो क्षणभर थांबतो आणि म्हणतो, "विषय चांगला आहे." हे उत्तर आपण सगळ्यांनी ऐकले आहे आणि दिलेही आहे. वरवर पाहता ती स्तुती वाटते. पण पंगतीतून उठलेल्या पाहुण्याने "ताटे छान होती" म्हणावे, तसा तो प्रकार असतो. त्यातून सिनेमा विनोदी असेल, समाजावर किंवा सरकारवर कोरडे ओढणारा असेल, तर हे उत्तर जास्तच ऐकू येते. हसू फारसे आले नाही, पण चांगल्या कामासाठी केला आहे ना, मग घ्या सांभाळून, असा त्याचा अर्थ. असे सांभाळून घ्यावे का, याचा विचार आपल्या सिनेमाच्या इतिहासाला विचारूनच करायला हवा.

सरकारने हा प्रश्न आपल्या पद्धतीने कधीच सोडवून टाकला होता. करमणूक कर राज्याच्या हाती होता तेव्हा समाजोपयोगी ठरलेल्या चित्रपटाला करमाफी मिळे. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत आणि टॉकीजबाहेरच्या पाटीवर 'करमुक्त' हा शब्द ठळक अक्षरांत झळके. तिकीट स्वस्त होई, शाळेची पोरे रांगेने नेली जात. १ जुलै २०१७ रोजी वस्तू आणि सेवा कर आला आणि तो जुना कर त्यात विलीन झाला. प्रेक्षकाच्या मनातली करमाफी मात्र चालूच आहे. विषय चांगला असला की विनोदावरचा कर आपण आपणहून माफ करतो.

मराठी बोलपटाच्या सुरुवातीच्या काळात अशी माफी कोणी मागितलेली दिसत नाही. कोल्हापूरला १९३६ मध्ये मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांनी 'हंस पिक्चर्स' काढली. आचार्य अत्रे त्यांचे लेखक. १९३८ मध्ये त्यांचा 'ब्रह्मचारी' आला. ब्रह्मचर्य, बलोपासना आणि देशसेवा यांवर गावोगाव व्याख्याने झडत होती, तो काळ. चित्रपटातला औदुंबर असेच एक व्याख्यान ऐकतो, जमवलेली नट्यांची चित्रे फेकून देतो आणि ब्रह्मचर्याची शपथ घेतो. पुढे त्याच्या वाटेत किशोरी येते. मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात पडद्यावर आल्या, त्यावरून केवढा गहजब झाला हे जुनी माणसे सांगत असत.

ढोंगावर टीका करायला अत्र्यांना व्याख्यान रचता आले असते. व्याख्यान देण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हताच. पण पडद्यावर त्यांनी व्याख्यानाला उलटे व्याख्यान दिले नाही. शपथ घेणारा एक साधा पोरगा उभा केला आणि ती शपथ त्याला पेलत नाही, एवढेच दाखवले. प्रेक्षक हसला, की त्याला टीका कळलेलीच असे. हसण्याच्या आधी किंवा नंतर समजावून सांगायचे काही उरत नव्हते.

पुढच्याच वर्षी, १९३९ मध्ये, 'ब्रँडीची बाटली' आला. मुंबई इलाख्यात तेव्हा बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ होते आणि १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी सुरू झाली. अशा वेळी दारूवर सिनेमा काढायचा म्हणजे विषय पुण्याचाच. दारुडा नवरा, मार खाणारी बायको, उपाशी पोरे आणि शेवटी बाटली फोडून घेतलेली शपथ, एवढे दाखवले असते तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. अत्रे आणि विनायक यांनी काय केले? त्यांनी बगाराम हा म्युनिसिपालिटीतला एक भाबडा कारकून घेतला. दामूअण्णा मालवणकरांनी तो केला. ज्या मालतीवर त्याचे मन जडले आहे तिच्या घरी आजारपण आहे आणि औषध म्हणून ब्रँडी हवी आहे. ब्रँडी म्हणजे काय, हेच बगारामला माहीत नाही. तो बाटलीच्या शोधात निघतो. ज्याला दारूचा गंधही नाही अशा माणसाला दारू शोधायला धाडले, की शहराचे दुसरे अंग आपोआप दिसू लागते.

पुढे युद्ध आले आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये ते मंत्रिमंडळच गेले. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा झाला, परवाने आले, नियम सैलावले, पुन्हा कडक झाले. 'ब्रँडीची बाटली' आज कोणी पाहिला तर तो दारूबंदीचे महत्त्व पटावे म्हणून पाहणार नाही. तो दामूअण्णांचा तो बावळा चेहरा पाहायला बसेल. तसा बसला, तर मधूनच दारूचा प्रश्नही त्याच्या लक्षात येईल. संदेशाला ऐंशी-पंचाऐंशी वर्षे जगवले ते विनोदाने.

अत्र्यांना गंभीर संदेश द्यायचा असे तेव्हा ते तसाच देत, हेही ध्यानात घ्यायला हवे. १९५३ मध्ये त्यांनी साने गुरुजींच्या 'श्यामची आई'वर चित्रपट केला. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याला मिळाले. पाठोपाठ 'महात्मा फुले' आला, त्याला रौप्यपदक मिळाले. आईचे संस्कार सांगताना त्यांनी विनोदाचे झबले घातले नाही. हसवायचे तेव्हा पुरते हसवले, रडवायचे तेव्हा सरळ रडवले. अडचण होते ती मधल्या मालाची. तो हसवतो म्हणून बोलावतो आणि हसू आले नाही की म्हणतो, अहो, मी तर प्रबोधन करत होतो!

उर्दूत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत, तंज आणि मिजाह. तंज म्हणजे टोचणे, मिजाह म्हणजे हसवणे. बहुतेक वेळा ते जोडीने येतात, पण उर्दू वाचणाऱ्याला दोन्हींतला फरक ठाऊक असतो. हसू न आणता टोचता येते, त्यात कमीपणा काही नाही. पण मिजाहची पाटी लावून मैफल भरवली, तर लोक हसले पाहिजेत. दखनी बोलीचे मोठे कवी सुलेमान खतीब गुलबर्ग्याचे. जुन्या हैदराबाद संस्थानात गुलबर्गा आणि आपला मराठवाडा एकाच छपराखाली होते, त्यामुळे त्यांची दखनी आपल्याकडच्या मुस्लिम घरांत परकी वाटत नाही. हुंड्यावरची त्यांची 'छोरा छोरी' ही कविता सोयरिकीच्या घासाघिशीवर लोकांना खळखळून हसवते आणि शेवटाकडे त्याच लोकांचा आवाज बंद करते. हुंडा वाईट हे ऐकणाऱ्यांना आधीही ठाऊक असते. पण ज्या बोलण्यावर आपण आता हसलो ते आपल्याच बैठकीतले होते, हे शेवटी कळते. आधीचा हशा कच्चा असता, तर शेवटची शांतता आलीच नसती.

नाथांचे भारूड याच वाटेने जाते. विंचवाच्या भारुडात सोंग घेतलेला माणूस आधी खरोखर कळवळावा लागतो, उड्या मारतो, लोक हसतात. काम-क्रोधाचा विंचू नंतर उलगडतो. सोंगाड्याने आळस केला आणि अर्थ चांगला आहे म्हणून नुसता अर्थ सांगितला, तर लोक उठून तंबाखू मळायला जातात. नामदेवांच्या नर्सीपासून पैठणपर्यंतच्या या मुलखात शेकडो वर्षे प्रेक्षकाने हाच नियम पाळला आहे.

आता दुसरी बाजू. ती हलकी नाही. कोणी म्हणेल, अत्रे-विनायकांना जे साधले ते सगळ्यांना कसे साधेल? सत्तेवर बोट ठेवणारे सिनेमे मुळात किती निघतात? जो धाडस करतो त्याच्या विनोदाची मात्रा कमी पडली म्हणून त्याला बदडायचे का?

या बाजूचा सगळ्यात भक्कम साक्षीदार 'किस्सा कुर्सी का'. अमृत नाहटा हे खासदार. त्यांनी सत्तेच्या खेळावर हा उपहासपट केला आणि १९७५ मध्ये तो सेन्सॉरकडे गेला. त्याच वर्षी आणीबाणी आली. सरकारने चित्रपट ताब्यात घेतला आणि त्याच्या प्रती व निगेटिव्ह नष्ट करण्यात आल्या. आणीबाणीनंतर शहा आयोगापुढे हे प्रकरण आले. खटला चालला, १९७९ मध्ये संजय गांधी आणि विद्याचरण शुक्ल यांना शिक्षा झाली, ती पुढे रद्द झाली. नाहटांनी हिंमत न हरता चित्रपट नव्याने केला आणि १९७८ मध्ये तो प्रदर्शित झाला.

एखाद्या चित्रपटाला सहानुभूती मिळायची असेल तर यापेक्षा मोठे कारण कोणते हवे? जाळून टाकलेला सिनेमा परत आला होता. आणीबाणीचा राग ताजा होता. तरीही तो चालला नाही. त्यात जनता नावाची एक मुकी बाई आहे. शबाना आझमींनी ती भूमिका केली. जनता मुकी असते, हे नावातच सांगून टाकल्यावर प्रेक्षकाला शोधायला काय राहिले? विनोद म्हणजे दोन गोष्टींतले अंतर प्रेक्षकाने स्वतः उडी मारून पार करणे. इथे दिग्दर्शकाने आधीच पूल बांधून ठेवला होता.

इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. 'किस्सा कुर्सी का' दाखवला गेलाच पाहिजे होता. तो चांगला असो वा वाईट, त्याच्या फिती जाळणे हा गुन्हाच. त्या हक्कासाठी आपण भांडले पाहिजे आणि ते भांडताना चित्रपट किती हसवतो हे विचारू नये. पण चित्रपट एकदा पडद्यावर आला की तो इतर चित्रपटांसारखाच एक चित्रपट. दाखवण्याचा हक्क न्यायालय देऊ शकते. हसू आणण्याची जबाबदारी करणाऱ्याचीच राहते.

त्याच सुमाराचा मराठी 'सामना' याच्या शेजारी ठेवून पाहा. १९७४ चा हा चित्रपट जब्बार पटेलांचा पहिला. पटकथा विजय तेंडुलकरांची. निर्माते रामदास फुटाणे, जे पुढे व्यंगकवितेसाठी महाराष्ट्रभर ओळखले गेले. १९७५ मध्ये तो बर्लिनच्या महोत्सवात गेला. विषय साखर कारखानदारीतल्या सत्तेचा. नीळू फुले यांचा हिंदुराव धोंडेपाटील आणि श्रीराम लागू यांचा दारूच्या आहारी गेलेला मास्तर, अशी ही जोडी. हिंदुरावाच्या गावात सगळे आहे, कारखाना आहे, पाहुणचार आहे, गाडी आहे. मास्तर फक्त एका गायब झालेल्या माणसाची चौकशी पुन्हापुन्हा करत राहतो. त्या चौकशीला आधी आपण हसतो. पिऊन बरळतोय म्हणून सोडून देतो. तिसऱ्या-चौथ्या वेळी तोच प्रश्न ऐकून अंगावर काटा येतो. इथे कोणाचे नाव 'जनता' नाही. तरी प्रत्येक तालुक्याने त्यात आपापला हिंदुराव ओळखला.

आता आपल्या दाराशी येऊ. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला. त्यानंतरच्या काळात विदर्भ-मराठवाड्यावर सगळ्यात मोठी सावली पडली ती शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची. या विषयावर एका वर्षाच्या अंतराने दोन चित्रपट आले आणि दोन्हींनी उपहासाची वाट धरली.

२००९ चा 'गाभ्रीचा पाऊस' सतीश मनवर यांचा, विदर्भातला. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिलेला आहे. अलकाला, म्हणजे सोनाली कुलकर्णींना, धास्ती बसते की आपला नवराही तेच करील. गिरीश कुलकर्णींचा किसना आपल्या रानाच्या आणि पावसाच्या चिंतेत. बायको त्याच्यावर डोळा ठेवते, पोराला त्याच्या मागे लावते, घरात गोडधोड करते. किसनाला कळेना, आज हे लाड कशाचे? आपण हसतो. हसताना एक गोष्ट लक्षात येते, की या घरात प्रेमाने पहारेकऱ्याचे रूप घेतले आहे. शेतमालाच्या भावाचे एक वाक्य न बोलता शेतीची दशा कळते. हा विनोद विषयावर वरून शिंपडलेला नाही, तो विषयातूनच उगवला आहे.

२०१० मध्ये अनुषा रिझवी यांचा 'पीपली लाइव्ह' आला. नत्था आत्महत्या करणार अशी बातमी फुटते आणि गावात वाहिन्यांच्या गाड्यांची जत्रा भरते. हबीब तन्वीर यांच्या 'नया थिएटर'मध्ये घडलेल्या ओंकारदास माणिकपुरी यांनी नत्था केला, रघुवीर यादवांनी त्याचा भाऊ. चित्रपटाची वाहवा झाली, तशी विदर्भातल्या शेतकरी चळवळीतल्या काही कार्यकर्त्यांनी त्यावर नाराजीही व्यक्त केली. आमच्या मरणाची थट्टा झाली, असे त्यांचे म्हणणे. मला ते म्हणणे तसेच्या तसे मान्य नाही, कारण थट्टा नत्थाची नाही, कॅमेऱ्यांची आहे. पण त्या नाराजीत तथ्याचा एक कण आहे. वाहिन्यांची चेष्टा इतकी लांबते, की नत्था स्वतःच्याच गोष्टीत मागे पडतो. एकच माळ फटाक्यांची पुन्हापुन्हा लावावी तसे होते. विषय मोठा म्हणून या लांबणीकडे दुर्लक्ष करा असे म्हणाल, तर मी म्हणेन, विषय मोठा म्हणूनच करू नका.

आणि त्याच चित्रपटात होरी महातो आहे. प्रेमचंदांच्या 'गोदान'मधल्या होरीची आठवण देणारा. तो गावाबाहेर माती खणत असतो. सगळे कॅमेरे न मेलेल्या नत्थाकडे लागलेले असताना हा गुपचूप मरून जातो. कोणी विनोद करत नाही, कोणी भाषण देत नाही. दीड तासाच्या गलक्याने जे साधले नाही ते या मुक्या माणसाने साधले. चित्रपट संपताना १९९१ ते २००१ या काळात ८० लाख शेतकऱ्यांनी शेती सोडल्याचा आकडा पडद्यावर येतो. होरी पाहिलेल्या माणसाला त्या पाटीची गरज नव्हती.

उपहासाची कसोटी किती कठीण आहे, हे आपल्या जिल्ह्यातल्या माणसांनी एकदा दाखवून दिले आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावच्या दहा शेतकऱ्यांनी कर्ज फेडण्यासाठी आमचे अवयव विकत घ्या, असे थेट मुख्यमंत्र्यांना कळवले. सोबत दरपत्रक होते. मूत्रपिंड, यकृत, डोळे, ज्याचा त्याचा भाव लावलेला. त्यांना कोणाला हसवायचे नव्हते. ते कलावंत नव्हते, त्यांच्यापुढे कर्जाचा डोंगर होता. पण शेतमालाला भाव मिळेना म्हणून देहाचा भाव लिहून देणे, आणि तोही रोज आडतीत पाहतो तशा यादीच्या रूपात, यातली धार पट्टीच्या उपहासकाराला साधायची नाही. शब्द एक जास्त नाही. कोणाला शिवी नाही. वाचणाऱ्याला कुठे बघावे ते कळत नाही.

सरकारी कागदांतही असा उपहास न कळत पडून असतो. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घराला मदत द्यायची की नाही, हे ठरवताना प्रकरणे 'पात्र' आणि 'अपात्र' अशी वेगळी केली जातात. माणूस मरणालाही अपात्र ठरू शकतो, हे वाक्य लिहायला लेखकाची गरजच नाही. रमेश इंगळे उत्रादकर यांची २००५ ची 'निशाणी डावा अंगठा' ही कादंबरी वाचलेल्यांना हे लगेच पटेल. साक्षरता मोहिमेतले अहवाल, बैठका, परिपत्रके, हजेऱ्या यांच्या भाषेतच तिचे हसू आहे. २००९ मध्ये पुरुषोत्तम बेर्डे यांनी तिच्यावर चित्रपट केला. अशोक सराफ, मकरंद अनासपुरे असे कसलेले नट त्यात आहेत. पण कागदावर जे हसू सरकारी भाषेतून फुटत होते, ते पडद्यावर बरेचसे नटांच्या लकबींवर सोपवले गेले, असे मला वाटते. विषय तोच, संदेश तोच. तरी कादंबरी जितकी बोचते तितका चित्रपट बोचत नाही.

कच्च्या उपहासाला माफी दिल्याने नुकसान कोणाचे होते, हा खरा प्रश्न. करणाऱ्याचे फारसे होत नाही. त्याला सत्कार मिळतो. ज्याच्यावर टीका आहे त्याचे तर मुळीच होत नाही. तो पहिल्या रांगेत बसून हसतो आणि उद्घाटनाचे भाषणही करून जातो. नुकसान होते ते विषयाचे. एकदा तो असा खर्ची पडला, की पुढचा लेखक तोच विषय घेऊन निर्मात्याकडे गेला तर उत्तर मिळते, "त्यावर येऊन गेला की एक, चालला नाही." लोकांनी नाकारला तो विनोद होता, पण खात्यावर नोंद होते विषयाच्या नावे. गोरेगावच्या शेतकऱ्याला हे परवडणारे नाही. त्याची गोष्ट कोणीतरी एकदाच, पण नीट सांगायला हवी.

म्हणून विषय चांगला असलेल्या चित्रपटाकडून मी जास्त मागतो, कमी नाही. नुसत्या करमणुकीसाठी काढलेला सिनेमा फसला तर आपले दोन तास आणि तिकिटाचे पैसे जातात. शेतकऱ्याचे मरण, दलिताची कुचंबणा, बाईचा हुंडा हाती घेऊन काढलेला विनोद फसला तर त्यांची बाजू मांडायची एक संधी जाते. पुढच्या वेळी टॉकीजमधून बाहेर पडताना कोणी "विषय चांगला आहे" म्हणाले, तर त्याला एवढेच विचारावे, "हसलास कुठे, आणि हसताना कोणाकडे पाहत होतास?"

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)